मावशी, पोहोचले

मावशी स्वभावानेच संशयी होती, हे आधीच सांगितलेलं बरं. दुधाने तोंड कधी पोळलं नव्हतं, तरी ताक फुंकून पिणारी बाई. घराला कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायची, आणि वळणापर्यंत गेल्यावर परत येऊन पुन्हा एकदा. घरात याची चेष्टा व्हायची. विद्यापीठाच्या सुरक्षा विभागात मात्र याच स्वभावावर तिची नोकरी टिकली होती.

कंट्रोल रूममध्ये ती फोनवर बसायची. विद्यापीठ टेकड्यांच्या खोलगट भागात वसलेलं. मोबाइलला रेंज मिळायची ती पाण्याच्या टाकीवर चढल्यावर, आणि जीव मुठीत धरून टाकीवर चढणारा माणूस मदत कशाला मागेल? म्हणून जुने आतल्या लाइनचे फोनच अजून चालू होते. तिच्यासमोर लाकडी बोर्ड, बोर्डावर लहान दिव्यांची रांग, प्रत्येक दिव्याखाली जागेचं नाव. फोन जिथून आला तो दिवा लागायचा.

खरं तर ती एकाच भाचीची मावशी. भाची इथे शिकायला आली आणि पहिल्याच आठवड्यात खिडकीतून ओरडली, "मावशी, चष्मा घरी विसरलीस!" आजूबाजूच्या मुलींनी ते ऐकलं आणि तेव्हापासून ती अख्ख्या विद्यापीठाची मावशी झाली. "एक भाची सांभाळता सांभाळता नाकी नऊ आलेत, आता या पलटणीला कुठे घेऊ?" असं ती कुरकुरायची. पण एखाद्या मुलीने चुकून 'मॅडम' म्हटलं की तिचं तोंड उतरायचं.

तिचं मुख्य काम 'सोबत'. लायब्ररीपासून मुलींच्या हॉस्टेलचा रस्ता झाडीतून जाणारा, ओसाड. अंधार पडायच्या सुमारास एकटीने जायचं नसेल, तर मुलीने लायब्ररीच्या पोर्चमधून फोन करून "सोबत हवी" एवढंच म्हणायचं. मावशी गार्ड पाठवायची. गार्डने मुलीच्या चार पावलं मागून चालायचं, स्वतःहून बोलायचं नाही, पुढे जायचं नाही. मुलीला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून हा नियम. हॉस्टेलच्या दारातच भिंतीवर फोन होता. आत शिरल्यावर तिथून मुलीने सांगायचं, "मावशी, पोहोचले."

सोबत निघाली की मावशी शिवणाच्या डब्यातलं एक बटण काढून टेबलावर ठेवायची. "पोहोचले" ऐकलं की बटण परत डब्यात. टेबलावर बटण असेपर्यंत ती चहाचा कप तोंडाला लावायची नाही. बटण डब्यात वाजलं की मात्र तो विषय संपला. मुलगी पोहोचली, आता तिची काळजी करायचं कारण नाही.

हिवाळ्याची सुट्टी लागली आणि विद्यापीठ रिकामं झालं. मागे राहिल्या त्या प्रबंध अडकलेल्या मोजक्या मुली. भाची त्यांतलीच. मावशीच्या थोरल्या बहिणीने फोनवर बजावलं होतं, "तुझ्या भरवशावर ठेवतेय हं तिला. काही झालं तर तुलाच धरीन." बहीण हसत म्हणाली होती. मावशीने मनाशी खूणगाठ बांधली.

दुपार कलली की तळ्याकडून धुकं यायचं आणि रस्त्यावर बसून राहायचं. अशाच एका संध्याकाळी बडबडीचा फोन आला. ही मुलगी झोपेतही गप्प बसत नाही अशी तिची ख्याती होती.

"मावशीऽ, सोबत हवी! आणि आज तो सावकाश येणार का हो? मग मी वही घेऊनच निघते. हॉस्टेल येईपर्यंत एक प्रकरण लिहून होईल."

सावकाश म्हणजे नवा गार्ड. उंच, किंचित वाकलेला, संथ चालणारा, कामापुरतंही न बोलणारा. सुट्टी लागली त्याच सुमारास रुजू झालेला. मावशीला तो पहिल्या दिवसापासून पटला नव्हता. कमी बोलणारा माणूस काहीतरी लपवतो, हा तिचा सिद्धान्त. जास्त बोलणाराही लपवतो, हाही तिचाच. पण सुट्टीत दुसरा गार्ड होता कुठे? तिने सावकाशला पाठवलं आणि टेबलावर बटण ठेवलं.

जरा वेळाने फोन वाजला. "मावशीऽ, पोहोचले हं!"

मावशीने बटण डब्यात टाकलं आणि कप उचलला. पहिला घोट घेते न घेते तोच हॉस्टेलच्या रेक्टरबाईंचा फोन आला. "अहो, ती बडबडी निघालीय का लायब्ररीतून? धुकं किती दाटलंय."

"निघालीय काय, पोहोचली! आत्ताच तुमच्या दारातून फोन केला तिने."

"मी दारातच बसलेय," रेक्टरबाई म्हणाल्या. "इथून कुणी फोन केला नाही."

मावशीने कप खाली ठेवला. मग रेक्टरबाईंच्या आवाजात सुटल्यासारखं हसू आलं. "आली, आली. ही काय, पायऱ्या चढतेय. तुमचा गार्डही मागे उभा आहे."

मावशीने सुस्कारा सोडला. सोडता सोडता तिचं लक्ष बोर्डाकडे गेलं. रांगेतला शेवटचा दिवा नुकताच विझत होता. त्याखालच्या कागदावरची शाई उडाली होती, पण तिला नाव पाठ होतं. जुनी लॅब.

जुनी लॅब हॉस्टेलच्या अलीकडच्या वळणावर होती. छत गळायला लागलं तेव्हा सगळं सामान दुसरीकडे हलवलं आणि दाराला मोठं कुलूप लावलं. हे विद्यापीठ बांधणाऱ्याने खर्च वाचवायला सगळ्या इमारती एकाच नकाशावर बांधल्या होत्या. त्याच पायऱ्या, तेच दार, दारातल्या डाव्या भिंतीवर तसाच फोन. नव्या मुली पहिले काही दिवस हॉस्टेल समजून लॅबच्या पायऱ्या चढायच्या आणि मग हसत परत फिरायच्या.

दुसऱ्या दिवशी बडबडी खिडकीसमोरून गेली. थांबली नाही. मावशीनेच हाक मारली, "काय गं, काल फोन कुठून केलास?"

मुलगी वळली. छान, नीटस हसली. "मी फोन केला नव्हता, मॅडम."

मॅडम! आणि एवढं बोलून ती गेलीसुद्धा. जिला चालती करायला दिवा मालवायचं नाटक करावं लागायचं, ती पोरगी एका वाक्यात निघून गेली. मावशीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

पुढे आणखी दोघींचं तसंच झालं. आधी "मावशी, पोहोचले", मग थोड्या वेळाने मुलगी खरीच पोहोचायची, आणि दुसऱ्या दिवसापासून गप्प. नम्र, शहाणी, आणि मावशीला मॅडम म्हणणारी. प्रत्येक वेळी मागे चालणारा गार्ड होता सावकाश.

मावशीला आता वेगळं काही सांगायची गरज उरली नाही. कुंपणच शेत खात होतं. हा मेला पोरींना वाटेत जुन्या लॅबपाशी थांबवतो, तिथल्या फोनवरून "पोहोचले" म्हणायला लावतो, म्हणजे इकडे बटण डब्यात पडतं आणि कुणी शोधायला येत नाही. आत काय होतं देव जाणे. पोरींना असा दम भरतो की त्यांची वाचाच बसते.

तिने त्याला समोर उभं केलं. "वळणावर काय करतोस रे मुलींना?"

सावकाशने मान वर केली. "काही करत नाही. चार पावलं मागून चालतो. फक्त..."

"फक्त काय?"

"लॅबसमोर आलं ना, की धुक्यात पोरगी क्षणभर दिसेनाशी होते. मग पुन्हा दिसते. पाठमोरी, चाललेली." तो घुटमळला. "मग ती पटपट चालते. वाट अगदी पाठ असल्यासारखी. मागे वळून बघत नाही. आधी सगळ्या बघतात."

"मला शेंड्या लावू नकोस."

"चोर सोडून संन्याशाला सुळी देताय, मावशी," तो शांतपणे म्हणाला. त्याचा हा शांतपणाच तिला खुपला.

विद्यापीठभर भिंतींवर पाट्या होत्या, 'शंका आली तर लगेच कळवा'. मावशीने कळवलं. सुरक्षा विभागाच्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एखादी मुलगी गायब आहे का?"

"नाही."

"कुणाची तक्रार?"

"नाही साहेब, पण त्या बोलत नाहीत म्हणूनच तर—"

"मुली गप्प बसल्या म्हणून तक्रार घेऊ?" साहेबांना स्वतःचाच विनोद आवडला. पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी वायरमन पाठवला. त्याने बोर्ड मागून उघडून दाखवला. शेवटच्या दिव्याची वायर कापून केव्हाच गुंडाळून ठेवलेली होती. "हा लागणारच नाही," तो म्हणाला. "लागलाच, तर शेजारच्या लाइनची गळती समजा. फोन उचलू नका."

त्या दिवसापासून शेवटचा दिवा रोज दिवेलागणीला लागू लागला. मावशीने एकदाच फोन उचलला. खूप लांबून आल्यासारखी खरखर, आणि त्यात बारीक आवाज, "मावशी..." कुणीतरी टवाळी करतंय अशी तिची खात्री पटली आणि तिने फोन आपटला. मग मात्र तिने तो दिवा लागला की मान फिरवायची सवय केली. दिवा लागायचा, बराच वेळ लागून राहायचा, विझायचा.

भाचीला तिने ताकीद दिली होती की सावकाशबरोबर पाऊल टाकायचं नाही. "मग जाऊ कशी? उडून?" भाची हसली. प्रबंधाचं काम संपत आलं होतं, शेवटची पुस्तकं लायब्ररीतच बसून वाचायची होती. "मला फोन कर," मावशी म्हणाली. "मी स्वतः येईन न्यायला."

त्या संध्याकाळी धुकं इतकं होतं की खिडकीबाहेरचा खांबही दिसत नव्हता. लायब्ररीचा दिवा लागला. "मावशी, सोबत हवी," भाची म्हणाली, आणि स्वतःच खुदकन हसली.

मावशी उठली. फोन सोडून जायची सोय नव्हती, आणि तिथेच तिला नामी युक्ती सुचली. चोराला खुर्चीत बसवलं तर तो रस्त्यावर कसा असेल? तिने सावकाशला बोलावून आपल्या जागी बसवलं. टेबलावर दोन बटणं ठेवली, एक भाचीचं, एक स्वतःचं.

"हॉस्टेलचा दिवा लागेल. मी बोलेन, मगच ही डब्यात टाकायची. नाहीतर रेक्टरबाईंनी डोळ्यांनी बघून सांगितलं तर. आणि हा शेवटचा दिवा लागला, तर आवाज कुणाचाही असू दे... माझा असला तरी... ठेवून द्यायचा. कळलं?"

"कळलं," सावकाश म्हणाला. मग ती दाराशी पोचल्यावर हळूच म्हणाला, "मावशी, लॅबसमोर थांबू नका."

याला तिथे थांबलेलं का नको असेल? मावशीने ते मनात नोंदवून ठेवलं.

भाची पोर्चमध्ये उभी होती. मावशीने तिचा हात धरला तो सोडायचाच नाही असं ठरवून. दोघी चालू लागल्या. झाडांवरून दव टपटपत होतं. आपल्याच चपलांचा आवाज मागून कुणी येत असल्यासारखा वाटत होता. भाची प्रबंधाबद्दल बोलत होती, मावशी हुं हुं करत होती आणि टॉर्चचा झोत इकडून तिकडे फिरवत होती.

वळणावर डाव्या हाताला लॅबचा काळा आकार दिसला. मावशी थांबली.

"चल ना," भाची म्हणाली.

"थांब. कुलूप बघू दे. उघडं असलं तर उद्या साहेबांच्या तोंडावर पुरावा टाकते."

भाचीचा हात न सोडता, टॉर्च काखेत धरून, ती तिला घेऊनच पायऱ्या चढली. कुलूप जागच्या जागी होतं, गंजलेलं, ओलं. तिने ते ओढून बघितलं. पुन्हा ओढलं. दारामागून एक वास आला, पोपडे धरलेल्या भिंतीचा आणि त्याखाली कसल्यातरी जुन्या औषधाचा. कुलूप पक्कं होतं. दोघी खाली उतरल्या, रस्त्याला लागल्या. मग सवयीप्रमाणे मावशीला वाटलं, एकदा परत जाऊन बघावं. भाचीने तिला ओढत पुढे नेलं. "मावशी, पुरे गं आता!"

थोड्याच वेळात हॉस्टेलच्या पायऱ्या आल्या. दार उघडं होतं. आत अंधार होता, पण सुट्टीत निम्मे दिवे बंदच असायचे. रेक्टरबाई आत गेल्या असाव्यात. मावशीच्या छातीवरचं ओझं उतरलं. आणली बाई सुखरूप. बहिणीला आता ताठ मानेने सांगता येईल. तिने डाव्या भिंतीवर हात नेला, फोन हाताला लागला.

"मी बोलू?" भाची म्हणाली. "पण 'मावशी, पोहोचले' म्हणायला पलीकडे मावशी नको का?"

मावशीने हसतच फोन कानाला लावला. पलीकडे उचलला गेला. "अरे, मी बोलतेय. पोहोचलो आम्ही."

खरखर होती, आणि त्यामागे सावकाशचा श्वास.

"अरे बोल की!"

"मावशींनी बजावलंय..." त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "शेवटचा दिवा लागला तर बोलायचं नाही..."

"शेवटचा कसा? नीट बघ. हॉस्टेलच्या दारातून बोलतेय मी!"

"मावशी पोहोचल्या," तो म्हणाला. त्याला रडू फुटेल असं वाटत होतं. "रेक्टरबाईंचा फोन आला आत्ताच. दोघी समोरून आत आल्या म्हणाल्या. मावशी चहालासुद्धा थांबल्या नाहीत, इकडे यायला निघाल्यात... तुम्ही कोण आहात?"

"अरे, मी! मी आहे रे—"

फोनमध्ये टक् असा आवाज झाला. मग पुन्हा एकदा, टक्. हा आवाज तिने जन्मभर ऐकला होता. बटणं डब्यात पडली होती. मग खरखरही थांबली.

मावशीने टॉर्च फोनवर धरला. फोनखाली वायरचं कापलेलं टोक भिंतीला लोंबत होतं. मग तिला तो वास आला.

"मावशी," भाची हळू आवाजात म्हणाली, "हे हॉस्टेल नाहीये."

मावशी दाराकडे वळली. दार बंद होतं. तिने ओढलं. बाहेरच्या अंगाला लोखंडावर लोखंड आपटलं. पुन्हा ओढलं. कुलूप पक्कं होतं. तिने स्वतःच तर बघितलं होतं.

आतल्या अंधारात, लांब कुठेतरी, पावलं वाजली. एकटीची नव्हती. टॉर्चचा झोत तिथवर पोहोचत नव्हता. भाची मावशीला घट्ट बिलगली. आणि मग तिकडून तो आवाज आला, लाडाने लांबवलेला, चांगला ओळखीचा. फक्त आता थकलेला, रडून रडून बसलेला.

"मावशीऽ... तुम्ही आलात?"

मावशीने टॉर्च आवाजाच्या दिशेने धरला.

"रोज फोन करत होतो आम्ही," बडबडी म्हणाली. "तुम्ही उचलतच नव्हता."